शहरात बिऱ्हाड करताना : आधी उतार बघा, मग भाडे



गट ऑफिसात उसाची नोंद द्यायला येणारे सभासद पूर्वी नोंद झाली की बियाण्याची नाही तर खताची चौकशी करीत. आता त्यातले बरेच जण जाता जाता दारात थांबतात आणि हळूच विचारतात, "साहेब, पोरांच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात बिऱ्हाड करायचं म्हणतोय. कुठल्या बाजूला बघावं?" ऊस विकास विभागाने याचे उत्तर द्यावे असे कुठल्या नियमात नाही. पण उसाच्या बिलातला मोठा वाटा ज्या कामी जाणार, त्या कामाचा चार गोष्टींनी विचार व्हावा म्हणून हा लेख लिहीत आहोत. शिवाय या बाबतीत आम्ही स्वतः ठेच खाल्लेली आहे.

आमची चूक

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही घर शोधले. मुलगी नववीत जाणार होती, मुलगा चौथीत. आम्ही कारखान्यावर राहायचे आणि मंडळींनी मुलांना घेऊन शहरात, असे ठरले. एक तळमजल्याचे घर मिळाले. शाळा हाकेच्या अंतरावर, भाडे कमी, पाणी दारात. मागच्या बाजूला नाला होता, पण उन्हाळ्यात तो एवढासा वाहत होता. आतल्या खोलीत भिंतीवर कमरेच्या उंचीला एक पुसट रेघ होती, रंगाखाली दडलेली. ओल असेल म्हणून आम्ही सोडून दिली.

दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, ती रेघ कशाची होती ते कळले. रात्री दोन वाजता फोन आला की मोरीतून पाणी वर येतेय. सकाळपर्यंत गुडघाभर, दुपारी कमरेच्या वर. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने आमच्या तिघांना वर घेतले म्हणून निभावले. रस्ते बंद असल्यामुळे चार दिवस आम्हाला तिथे पोचता आले नाही. मुलगी तेव्हा दहावीत होती. तिची वह्या-पुस्तके पहिल्याच रात्री गेली.

घरमालकाने पूर येतो हे सांगितले नव्हते हे खरे. पण आम्ही विचारलेही नव्हते. आयुष्यभर लोकांच्या बांधावर उभे राहून "इथं पाणी तुंबतं, आधी चर काढा, मग लागण करा" असे सांगणारे आम्ही, स्वतःच्या लेकरांसाठी जागा बघताना उतार बघायला विसरलो. ही चूक सभासदांनी करू नये.

आधी उतार

पंचगंगा कोल्हापूरच्या पश्चिम आणि उत्तर अंगाने वाहते. म्हणून नदीकडचा भाग सखल, आणि दक्षिण-पूर्वेकडे जावे तसा चढ. पण नुसते "नदी लांब आहे ना?" असे विचारून भागत नाही. जयंती नाला शहराच्या दक्षिणेकडून येतो आणि भर वस्तीतून जाऊन पंचगंगेला मिळतो. नदी चढली की नाल्याचे तोंड बंद होते, आणि वरून आलेले पावसाचे पाणी मागे फुगते. आपल्या रानात ओढा तुडुंब भरला की चरीचे पाणी उलटे सरीत शिरते, तोच प्रकार. म्हणून नदीपासून लांब असलेल्या शाहूपुरीतील कुंभार गल्लीसारख्या भागातही पुराचे पाणी येते, तसेच नदीकडच्या सुतारवाडा, दुधाळी, उत्तरेश्वर पेठ आणि कसबा बावड्याच्या सखल भागातही येते.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी धरतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते. घर बघताना शेजाऱ्याला एवढेच विचारा, "२०१९ ला आणि २०२१ ला इथं पाणी कुठवर होतं?" माणूस हाताने भिंतीवर दाखवतो. तेवढे पुरे.

कागदावर दोन रेषा असतात. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत नवीन घर बांधायला मनाई. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन रेषांच्या मध्ये अटींवर बांधकाम करता येते. आता २५ किंवा १०० वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की तेवढी वर्षे निश्चिंत, असे नव्हे. २०१९ नंतर दोनच वर्षांनी पुन्हा तसाच पूर आला. प्लॉट घेणाऱ्याने नगररचना कार्यालयात गट नंबर नाही तर सिटी सर्व्हे नंबर देऊन रेषा कुठून जाते ते बघून घ्यावे. एजंटाच्या शब्दावर जाऊ नये.

चोपण रानात आपण को. एम. ०२६५ लावतो, कारण ती जात तग धरते. पण लेकरं म्हणजे ०२६५ नव्हेत. त्यांना निचऱ्याचीच जमीन पाहिजे.

मग पाणी

पुरानंतर आम्ही तडक उंचावर गेलो, दक्षिणेकडच्या उपनगरात. हवा उत्तम, मुलांना खेळायला मोकळी जागा. पण मार्च उजाडला आणि टँकर सुरू झाले. पुराचे पाणी टाळले आणि पिण्याच्या पाण्याला मुकलो, अशी गत.

पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी या बाजूला वस्ती झपाट्याने वाढली. अशा भागात जागा महापालिकेच्या नळावर आहे, ग्रामपंचायतीच्या योजनेवर आहे, की नुसत्या बोअरवर, हे आधी विचारावे. काळम्मावाडी धरणाचे थेट पाईपलाईनचे पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आले. पण शहरात आले म्हणजे आपल्या गल्लीत आले असे धरू नये. नळ किती दिवसाआड येतो, किती वाजता, किती वेळ, टाकी केवढी, ही चार उत्तरे पुरुषाकडून नव्हे, घरातल्या बाईकडून घ्यावीत. पाणी तीच भरते.

शाळा, रस्ता आणि एस. टी.

शाळा चांगली की वाईट हे दुसरा कोणी सांगण्यापेक्षा शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी जाऊन उभे राहावे. मुलं कशी बाहेर पडतात, रस्ता कसा ओलांडतात, रिक्षात किती कोंबली जातात, सगळे दिसते. लहान मुलाला हमरस्ता न ओलांडता चालत जाता येईल अशी शाळा हीच आमच्या मते पहिली पसंती. दोन मैल लांबच्या नावाजलेल्या शाळेसाठी मूल रोज दोन तास रिक्षात बसत असेल, तर त्या नावाचा उपयोग काय?

आपल्या सभासदांना आणखी एक गोष्ट बघावी लागते. घर शहरात असले तरी रान गावाकडेच आहे. पाळी आली की रात्री मोटर चालू करायला जावे लागते, तोड आली की फडात उभे राहावे लागते. आपल्या गावची एस. टी. मध्यवर्ती स्टँड, रंकाळा स्टँड की संभाजीनगर स्टँड यांपैकी कुठून सुटते, हे बघून त्या बाजूला बिऱ्हाड केलेले बरे. नाही तर शहर पार करण्यातच सकाळ जाते.

शेजार

आमच्या मंडळींना आणि मुलांना वर घेणाऱ्या कुटुंबाशी आमची तोवर फक्त तोंडओळख होती. तेव्हापासून आम्ही घराइतकाच शेजार बघतो.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ या जुन्या पेठांत घरे अरुंद, भिंतीला भिंत, गाडी लावायची पंचाईत, आणि सणावाराला आवाज भरपूर. पण तिथे तालीम आहे, कट्टा आहे, आणि कोणाचे पोर कोणत्या कोपऱ्यावर उभे आहे हे गल्लीला माहीत असते. सोबत म्हातारी आई असेल तर तिला अशा वस्तीत करमते. राजारामपुरीत क्लास, दुकाने, दवाखाने हाताशी. पण मुख्य रस्त्यांवर आता व्यापारच जास्त, म्हणून आतल्या गल्लीत बघावे. ताराबाई पार्क, नागाळा पार्क शांत, झाडीचे. पण भाडे पेलले पाहिजे, आणि तिथल्याही काही सखल भागांत पूर शिरतो. दक्षिणेकडची उपनगरे मोकळी आणि त्या मानाने स्वस्त. पण पाणी, गटार आणि रात्रीचे दिवे तपासून घ्यावेत. सगळ्या गुणांची वस्ती कुठेच नसते. आपल्या घरात कोण आहे, लहान मूल, वयात आलेली मुलगी की थकलेले आई-वडील, त्यावर निवड ठरते.

हिशेब टनात करा

भाडे दरमहा जाते, उसाचे बिल हंगामात येते. म्हणून हिशेब रुपयांत न करता टनात करावा. समजा घरभाडे महिना ८,००० रुपये. वर्षाचे झाले ९६,०००. टनाला ३,००० रुपये हाती पडतात असे धरले, तर ३२ टन ऊस नुसत्या भाड्याला गेला. एकरी ४० टन पिकवणाऱ्याचा हा जवळजवळ एक एकर झाला, आणि त्यातून खत-मजुरी वजा केलेलीच नाही. फी, किराणा, वीज वेगळीच.

दुसरे घर लांब आहे म्हणून भाडे ६,५०० आहे. पण मुलांच्या रिक्षाला आणि पेट्रोलला २,००० जास्त लागले, तर ते ८,५०० ला पडले. स्वस्त घर महाग पडते ते असे. आणि हा खर्च झेपत नसेल तर त्यात कमीपणा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात वसतिगृहे उभी केली ती खेड्यातल्या मुलांसाठीच. मोठ्या मुलाला वसतिगृहात ठेवणे आणि धाकट्याला गावच्या शाळेत चांगले शिकवणे, हाही मार्ग आहे. रान विकून शहरात जाणे मात्र आमच्या मते मार्ग नव्हे.

कागदपत्रे

भाड्याने घेताना करार नोंदवून घ्यावा; १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून देणे मालकाची जबाबदारी आहे. फ्लॅट विकत घेताना महारेराची नोंदणी, भोगवटा प्रमाणपत्र आणि चटई क्षेत्र या तीन गोष्टी बघाव्यात. महारेरा २०१७ पासून आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटच्या प्रकल्पाला नोंदणी लागते. प्लॉट घेताना सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन मागावे. गुंठेवारीत सामाईक सात-बाऱ्यावर नाव लावून देतो असे कोणी म्हणाले, तर विसार देण्याआधी वकिलाकडे जावे. तुकडेबंदीत सवलती आल्या असल्या तरी आपला प्लॉट त्यात बसतो का, हे लेखी कळल्याशिवाय पैसे सोडू नयेत. घर घरातल्या बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हेही लक्षात असू द्यावे.

चार फेऱ्या

घर ठरवण्याआधी त्या गल्लीत चार फेऱ्या माराव्यात :

(१) पहाटे, नळ येण्याच्या वेळी.
(२) शाळा भरण्याच्या किंवा सुटण्याच्या वेळी.
(३) रात्री नऊनंतर; दिवे आहेत का, बायका-मुली निर्धास्त फिरतात का, ते बघायला.
(४) मोठा पाऊस चालू असताना. हे जमले नाही तर भिंतीवरची रेघ तरी नीट बघावी.

आणि पाचवी गोष्ट, मंडळींना बरोबर न्यावे. आमच्या पहिल्या घराच्या वेळी आम्ही एकटेच जाऊन विसार देऊन आलो होतो. नंतर मंडळी म्हणाल्या, "मी ती रेघ बघितली असती तर विचारलं असतं." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

मुलगी दहावी पास झाली. वर्गातल्या मैत्रिणींनी आपल्या वह्या देऊन तिला सगळे विषय उतरवून घेऊ दिले. आता ती पुढचे शिक्षण घेते आहे, पण पावसाचा जोर वाढला की अजून तीच आधी बंधाऱ्याची पातळी विचारते.

लागणीआधी आपण मातीचा नमुना घेतो, निचरा बघतो, पाण्याची सोय बघतो, गाडी फडापर्यंत जाते का ते बघतो. एका लागणीवर आणि तिच्या खोडव्यावर आपण एवढे बघत असू, तर ज्या जागी लेकरांची दहा वर्षे जायची, ती जागा त्याहून बारकाईने बघितली पाहिजे. नोंद द्यायला याल तेव्हा बघितलेल्या जागेचा पत्ता घेऊन या. उतार कुठल्या बाजूला आहे, एवढे तर आम्ही नक्की सांगू.

— ऊस विकास अधिकारी