साखर तुंबते तेव्हा

आपल्या आतड्यातला ई. कोलाय साखरेवर जगतो, पण तीच साखर पेशीत तुंबली तर त्याची वाढ खुंटते, हे वाचल्यापासून गुऱ्हाळ पाहायची ओढ लागली होती. म्हणून राहू बेटात गेलो. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला भीमा. भीमेपलीकडे शिरूर, अलीकडे दौंड, आणि दोन्ही तीरांवर ऊस.

चरक, हौद, काहील, वाफा हा क्रम सगळ्यांच्या माहितीचा. माझी नजर मात्र हौद धुणाऱ्या मावशींवरून हलेना. रस काहिलीत गेला की त्या लगेच हौदात उतरत आणि गरम पाण्याने कोपरा न् कोपरा घासत. पन्हळीच्या सांध्यात बोट घालून त्यांनी बुळबुळीत तार ओढून दाखवली. आंबूस वास आला. "ही राहिली की पुढचा रस गेलाच." ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू रसातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतो, त्यानेच रसाला अशी तार सुटते.

गुळव्याने मला आकडाच दिला होता : "तोडल्यापासून चोवीस तास. पुढं ढेप बसत नाही." उसातल्या साखरेची फोड होऊन ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढलं की गूळ मऊ पडतो, हवेतलं पाणी ओढतो. चोवीस तास, हे तो येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला बजावत होता.

पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याने गोळी वळून पाहिली आणि जाळ थांबवायला सांगितलं. चिपाडं टाकणं थांबलं, तरी चुलवाण धगधगतच होतं; म्हणून माणसांनी काहील तातडीने उतरवली.

ई. कोलायपुढे हीच अडचण असते. ग्लुकोज आत येताना त्याला फॉस्फेट जोडलं जातं. ते पुढे वापरलं न जाता साचलं, की एसजीआरएस नावाचा लघु आरएनए तयार होतो. त्याची लांबी अवघी 227 अक्षरांची. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत कॅरिन व्हँडरपूल आणि सुझन गॉट्समन यांनी 2004 मध्ये त्याचं हे काम दाखवलं. ग्लुकोज आत आणणारं प्रथिन ज्या संदेशवाहक आरएनएवरून बनतं, त्याला हा एचएफक्यू प्रथिनाच्या मदतीने चिकटतो. रायबोसोमला जागा उरत नाही, आणि आरएनेज-ई तो संदेश कापून टाकतो. नवी दारं बनणं थांबलं.

पण आधीच बसवलेली दारं उघडीच असतात. इथे मी थक्क झालो. या 227 अक्षरांतच 43 अमिनो आम्लांच्या एका चिमुकल्या प्रथिनाची कृतीही आहे. ते प्रथिन ती दारं अडवतं. शिवाय हाच आरएनए दुसऱ्या एका संदेशाला तुटण्यापासून वाचवतो. त्यातून बनणारं विकर साचलेल्या साखरेचं फॉस्फेट काढतं आणि साखर बाहेर जाऊ शकते. एक संदेश मोडायचा, दुसरा जपायचा, दोन्ही एकाच रेणूने.

जनुकशास्त्र म्हणजे प्रथिनं, असं शिकवत राहिल्याने हे लघु आरएनए आपल्याकडे तळटिपेत पडले आहेत. शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे : हा पाठ गुऱ्हाळांच्या हंगामात घ्या, मुलांना काहिलीपाशी उभं करा, आणि हौद धुणाऱ्या मावशींनाही चार प्रश्न विचारू द्या.