अवघड जागेचे सोपे शब्द

"लिव्हर अनरिमार्केबल म्हणे. किडन्याही अनरिमार्केबल. आणि प्रोस्टेट 'ग्रॉसली नॉर्मल'. ग्रॉस पगार मला कळतो रे, हे काय आहे?"

सकाळी सव्वासातला काकांचा फोन. सोनोग्राफीचा रिपोर्ट आदल्या संध्याकाळी हाती आला होता, डॉक्टर त्या दिवशी दुपारी भेटणार होते आणि मधल्या रात्री काकांनी डिक्शनरी काढली होती. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. काकांचा जावई इंजिनिअर, म्हणून त्यांनी भाषांतराची कामं करणाऱ्या पुतण्याला धरलं.

काका इंग्रजीत कच्चे नाहीत. बँकेत उभी हयात इंग्रजी पत्रं लिहिण्यात गेली. अडचण तीच होती. त्या रिपोर्टमध्ये त्यांना न येणारा एकही शब्द नव्हता.

गैरसमज : अवघड असतात ते लांबलचक शब्द, छोटे शब्द तर चौथीतच येतात

लांबलचक शब्द खरं तर गरीब असतात. 'हिमोग्लोबिन' जाईल तिथे हिमोग्लोबिनच राहतो. दगा देतात ते तीन-चार अक्षरांचे. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या एका क्रियापदाचे चारशे तीसच्या वर अर्थ होते. पुढे कोशाची नवी उजळणी सुरू झाली तेव्हा 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. माणूस धावतो, नळ वाहतो, दुकान चालतं, नाक गळतं, रंग उतरतो, निवडणूक लढवली जाते, सगळं 'रन'. यातला कुठला अर्थ घ्यायचा हे तो शब्द सांगत नाही, शेजारी बसलेले शब्द सांगतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. मराठीत हात लागतो, भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, वेळ लागतो आणि नातेवाईकसुद्धा 'लागतात'.

गैरसमज : रिपोर्टमधल्या शब्दाचा अर्थ डिक्शनरीत सापडतो

सापडतो, पण बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर, आणि घाबरलेला माणूस पहिल्यावरच थांबतो. 'अनरिमार्केबल' म्हणजे बोलीत सुमार, दखल न घेण्याजोगा. रेडिओलॉजिस्टच्या भाषेत याहून चांगलं प्रशस्तिपत्र नाही: मुद्दाम नोंदवावं असं त्या अवयवात काही दिसलं नाही. 'ग्रॉसली' म्हणजे ढोबळमानाने, सूक्ष्मदर्शक न लावता जेवढं दिसतं तेवढ्यात. काकांचा ग्रॉस पगारही ढोबळच होता, कपातीच्या आधीचा. शब्दाचं मूळ एकच, फक्त खोली बदलली.

'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' ही जोडी २०२० साली घराघरांत कळली. त्याआधी 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' म्हटल्यावर पेढे वाटायला निघणारी माणसं होती. तपासणीच्या खोलीत या शब्दांना चांगलं-वाईट असं काही नसतं. जे शोधत होतो ते सापडलं की पॉझिटिव्ह, नाही सापडलं की निगेटिव्ह. म्हणून बायॉप्सी निगेटिव्ह आली की सुटकेचा श्वास आणि गर्भधारणेची चाचणी पॉझिटिव्ह आली की त्या घराच्या इच्छेप्रमाणे आनंद किंवा घोर. रक्तगटातलं निगेटिव्हही तसंच. लाल पेशींवर आरएच-डी नावाचं प्रथिन नाही एवढाच त्याचा अर्थ. ते रक्त कमअस्सल नसतं.

सगळ्यांत जास्त घोळ 'ॲक्यूट' घालतो. ॲक्यूट म्हणजे भयंकर, अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि रोजच्या इंग्रजीत ते खरंही आहे. पाण्याची टंचाई 'ॲक्यूट' असते तेव्हा ती तीव्रच असते. वैद्यकात मात्र हा शब्द मुख्यतः काळाबद्दल बोलतो: दुखणं अचानक उद्भवलं, थोड्या दिवसांचं आहे. त्याच्या समोरचा 'क्रॉनिक', ग्रीक भाषेतल्या काळवाचक शब्दावरून आलेला, म्हणजे रेंगाळणारं, चिवट. साधी सर्दीसुद्धा ॲक्यूट असते. उलट वर्षानुवर्षं शरीर पोखरणारा मधुमेह क्रॉनिक. पुरावा हवा असेल तर 'सार्स'चं पूर्ण नाव आठवा: सिव्हिअर ॲक्यूट रेस्पिरेटरी सिंड्रोम. तीव्रतेसाठी 'सिव्हिअर' वेगळा आहे आणि अचानकपणासाठी 'ॲक्यूट' वेगळा. दोन्हींचा अर्थ एकच असता तर नाव एका शब्दाने लहान झालं असतं.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ऐकू येणारं 'क्रिटिकल, पण स्टेबल' हेही असंच. नातेवाईक 'स्टेबल' तेवढं ऐकतात आणि गावाकडे फोन लावतात, धोका टळला. डॉक्टर म्हणत असतात, प्रकृती गंभीरच आहे, फक्त या घडीला आणखी ढासळत नाही. आणि 'हार्ट फेल्युअर'? आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. म्हणून डिस्चार्ज कार्डावर हे दोन शब्द दिसले की घरचे हबकतात, पेशंट समोर चहा पीत बसलेला असला तरी. डॉक्टरांच्या लेखी त्याचा अर्थ, हृदय शरीराच्या गरजेइतकं रक्त पुढे ढकलू शकत नाही. औषधपाणी नीट ठेवून ही स्थिती असलेली माणसं वर्षानुवर्षं जगतात. तिथे 'फेल' म्हणजे बंद पडणं नव्हे, कमी पडणं.

डिस्चार्ज कार्डावर 'पेशंट डिनाइज स्मोकिंग' असंही लिहिलेलं असतं. काकांना एकदा यात संशयाचा वास आला होता. विचारल्यावर पेशंट 'नाही' म्हणाला, इतकीच ती नोंद. पण खरं सांगतो, हा शब्द वाचून मलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं होतं. इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांमध्येही त्याबद्दल नाराजी आहेच.

गैरसमज : संशोधनात 'सिग्निफिकंट' फरक दिसला म्हणजे मोठा फरक दिसला

बातम्यांत हा शब्द आला की आपण सरळ 'लक्षणीय' असं मराठी करून मोकळे होतो. मीही केलं आहे. संख्याशास्त्रात 'सिग्निफिकंट' म्हणजे एवढंच, की मुळात काही परिणामच नसता तर निव्वळ योगायोगाने असा आकडा मिळणं दुर्मीळ आहे. दुर्मीळ म्हणजे किती, याची विसात एक ही रेघ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५च्या पुस्तकामुळे रूढ झाली. समजा, एका गोळीने रक्तदाब फक्त एका अंकाने उतरतो. ती हजारो लोकांना देऊन पाहिली, तर हा फरक 'सिग्निफिकंट' ठरू शकतो, आणि घेणाऱ्याच्या आयुष्यात त्याने काही म्हणजे काही बदलत नाही. अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेला २०१६ साली निवेदन काढून हे सांगावं लागलं, म्हणजे गैरसमज फक्त आपला नाही.

'थिअरी'चंही तेच. चहाच्या टपरीवर 'माझी एक थिअरी आहे' म्हणजे अंदाज. विज्ञानात थिअरी म्हणजे पुराव्यांच्या कसोटीवर टिकलेली मांडणी. रोग जंतूंमुळे होतात, हीसुद्धा एक थिअरीच.

गैरसमज : कायदा लॅटिन शब्दांमुळे कळत नाही

लॅटिन आलं की माणूस वकिलाला विचारतो, त्यामुळे तिथे सहसा फसत नाही. फसतो तो ओळखीच्या शब्दापाशी. 'कन्सिडरेशन' घ्या. बोलीत विचार, आदर, सहानुभूती. १८७२च्या भारतीय करार कायद्यात ते प्रतिफळ आहे, म्हणजे एकाने दिलेल्या वचनाच्या बदल्यात दुसऱ्याने काय दिलं किंवा काय करायचं कबूल केलं ते. खरेदीखतात 'मोबदला' म्हणतात तोच हा. तो नसेल तर करार एरवी रद्दबातल. अपवाद थोडे आहेत, आणि त्यातला एक मला फार आवडतो: जवळच्या नातलगांनी केवळ माया म्हणून दिलेलं वचनही चालतं, पण ते लेखी हवं आणि नोंदणी केलेलं हवं. मायेलासुद्धा रजिस्ट्रारच्या रांगेत उभं राहावं लागतं.

'एक्झिक्यूट'ने तर एका भाषांतरात माझी पंचाईत केली होती. दस्त 'एक्झिक्यूट' होतो म्हणजे त्यावर सह्या होऊन तो पुरा होतो. सरकारी मराठीत 'निष्पादन'. हुकूमनामा 'एक्झिक्यूट' करणं म्हणजे त्याची अंमलबजावणी, ज्याच्यासाठी आपल्याकडच्या कोर्टात 'दरखास्त' टाकतात. आणि माणसाला 'एक्झिक्यूट' केलं तर फाशी. सगळीकडे गोष्ट शेवटाला नेणं आहे, हे मान्य. पण भाषांतरकाराने चुकीच्या जागी चुकीचा शब्द टाकला तर दस्ताऐवजी सही करणारा लटकायचा.

याहून बारीक प्रकार 'गुड फेथ'चा. हे प्रामाणिकपणाचं वर्णन आहे, त्यात काय दोन मतं असणार? दोन कायद्यांत दोन आहेत. १८९७च्या जनरल क्लॉजेस कायद्यानुसार एखादी गोष्ट खरोखर प्रामाणिकपणे केली असेल, तर हातून निष्काळजीपणा झाला तरी ती 'गुड फेथ'मध्येच. जुन्या भारतीय दंड संहितेत मात्र पुरेशी काळजी आणि लक्ष नसेल तर 'गुड फेथ' नव्हतंच, मन कितीही निर्मळ असो. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही हीच भूमिका ठेवली. म्हणजे भाषा एक, देश एक, शब्दही तोच, फक्त कायदा वेगळा.

कायद्यातल्या 'पर्सन'मध्ये कंपनी येते आणि देवाची मूर्तीही येते, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे.

गैरसमज : निदान मायबोली इंग्रजी असलेल्यांना तरी एकमेकांचं इंग्रजी कळतं

दुसऱ्या महायुद्धातला एक किस्सा चर्चिल यांनी आपल्या युद्धेतिहासात नोंदवला आहे. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचं होतं, म्हणून ते अमेरिकनांना म्हणाले, हे 'टेबल' करू. अमेरिकेत 'टेबल' करणं म्हणजे विषय बाजूला सारून विसरून जाणं. अमेरिकनांचं म्हणणं पडलं, इतका महत्त्वाचा विषय 'टेबल' करायचाच नाही. बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं आणि मग उलगडा झाला की दोघांना एकच गोष्ट हवी आहे. आपण या बाबतीत ब्रिटिशांच्या बाजूला आहोत. विधिमंडळात कागद 'पटलावर ठेवतात' ते सर्वांसमोर यावेत म्हणून.

ब्रिटिश ते अस्सल आणि अमेरिकन ते बिघडलेलं, ही समजूतही सोडून द्यावी. 'सॉकर' हा शब्द अमेरिकनांच्या माथी मारतात, पण तो इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांनी 'असोसिएशन फुटबॉल'मधल्या 'असोसिएशन'ची मोडतोड करून बनवला. उलट 'बिलियन'च्या बाबतीत ब्रिटनच हटला. तिथे तो पूर्वी दशलक्ष गुणिले दशलक्ष होता. १९७४ साली पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत स्पष्ट केलं की सरकारी आकड्यांत यापुढे बिलियन म्हणजे हजार दशलक्ष, अमेरिकेसारखाच, आपला एक अब्ज. त्याआधीचं ब्रिटिश पुस्तक वाचताना आकडा हजार पटींनी चुकायची सोय आहे.

गैरसमज : शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा, बाकी अपभ्रंश

मग 'नाईस' म्हटल्यावर रागवायला हवं, कारण त्याचं लॅटिन मूळ 'अजाण' असं आहे. 'सिली' एके काळी सुखी, भाग्यवान माणसाला म्हणत. आता फलंदाजाच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाला म्हणतात. फार लांब कशाला? संस्कृतातली 'शिक्षा' शिकवण्याची, हिंदीतही ती शाळेतच राहिली. मराठीत मात्र ती बाकावर उभी राहिली. 'चेष्टा' तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. मूळ अर्थाचा आग्रह धरणाऱ्याने आधी मराठी बोलणं बंद करावं.

आपण घेतलेल्या इंग्रजी शब्दांनाही हाच न्याय हवा. 'हॉटेलात जेवलो' ऐकून लंडनचा माणूस विचारेल, मुक्कामाला होतात का? 'लाईट गेली' म्हणजे दिवा नव्हे, वीज. 'मटण' तिकडे मेंढीचं, आपल्याकडे बहुतेक वेळा बोकडाचं. चष्म्याला 'नंबर' असतो, नर्सला 'सिस्टर' म्हणतात. आणि 'कंट्रोलचा तांदूळ' हे नाव त्या धान्यनियंत्रणाची आठवण आहे, ज्यापायी युद्धकाळात, १९४३ साली, मुंबईत रेशनिंग सुरू झालं. नियंत्रण करणारे गेले, तांदळाला नाव चिकटलं. या शब्दांना 'चुकीचं इंग्रजी' म्हणणं मला पटत नाही. ते आता इंग्रजी राहिलेलेच नाहीत. मात्र परदेशी पाठवायच्या पत्रात त्यांना इंग्रजी समजून वापरलं, तर गोंधळ आपला.

काकांना दुपारी डॉक्टरांनी 'सगळं ठीक, सहा महिन्यांनी या' म्हणून परत पाठवलं. संध्याकाळी पुन्हा फोन. आवाजात आता रिपोर्टची काळजी नव्हती, वेगळीच तक्रार होती. टीव्हीवर रशियावरच्या 'सँक्शन्स'ची बातमी चालू होती.

"अरे, मी आयुष्यभर लोकांची कर्जं सँक्शन केली. मंजूर करायचो मी ती. मग हे लोक सँक्शन लावून बंदी कशी घालतात?"