माफ केलं म्हणजे केस मागे घेतली, असं नाही

ब्लॉक, म्यूट, अनफॉलो. राग आला की काय करायचं, याची बटणं आपल्या पिढीकडे भरपूर आहेत आणि ती कामाचीही आहेत. पण माणूस फोनमधून गेला तरी डोक्यातून जात नाही. रात्री दीड वाजता त्याच्याशी मनातल्या मनात भांडण चालूच असतं. त्याचं काय करायचं?

वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये रविवारच्या मराठी मिस्साला गेलात, तर याचं एक जुनं उत्तर दिसेल. आधी येशूने शिकवलेली प्रार्थना होते. तीत देवाकडे क्षमा मागायची, पण कशी? आम्ही दुसऱ्यांना करतो तशी आम्हालाही कर. नीट विचार केला तर ही भलतीच धोक्याची मागणी आहे! त्यानंतर एकमेकांना शांती द्यायची वेळ येते. सगळे डावीउजवीकडे वळून हात जोडतात, किंचित मान झुकवतात. कम्युनियन त्याच्यानंतर.

बहुतेकदा हे दहा सेकंदांत उरकतं. पण मागच्या बाकावर नेमका तोच चुलतभाऊ बसला असेल, ज्याच्याशी वाडीच्या बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद आहे, तर? अशा वेळी काही जणांना अचानक गाण्याच्या पुस्तकातलं पान शोधायचं असतं. मी चर्चमध्येच वाढलेय, हे पान शोधणं मला चांगलं ओळखता येतं.

गंमत म्हणजे येशूने याबद्दल काही पळवाट ठेवलेली नाही. वेदीवर अर्पण ठेवताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं तो सांगतो. पेत्र त्याला विचारतो, किती वेळा माफ करायचं, सात वेळा? त्यावर उत्तर येतं, सत्तर गुणिले सात. म्हणजे ४९० झाल्यावर सुटका असं नाही, तर मोजणंच सोड.

बांधाचं भांडण ठीक आहे. पण जखम खरोखरच खोल असेल तर?

सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या उदयनगर भागात त्या आदिवासींमध्ये काम करायच्या. लोकांनी सावकाराच्या दारात न जाता बँकेतून कर्ज घ्यावं, आपले हक्क समजून घ्यावेत, यासाठी त्यांची धडपड होती. ज्यांचा धंदाच या कर्जावर चालायचा, त्यांना ते खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समुंदर सिंग नावाच्या तरुणाने इतर प्रवाशांसमोर त्यांच्यावर चाकूने वार केले. त्या ४१ वर्षांच्या होत्या. समुंदरला जन्मठेप झाली.

२००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही सिस्टरच, त्याला तुरुंगात भेटायला गेल्या आणि त्याच्या हातावर राखी बांधली. केरळच्या एका ख्रिस्ती कुटुंबातली बाई क्षमेसाठी राखी निवडते, कारण समोरच्या माणसाला ती कळते. मला या गोष्टीतलं हे सगळ्यात आवडतं. पुढे त्याच्या सुटकेला या कुटुंबाने पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. नंतर तो केरळला त्यांच्या घरी गेला, तेव्हा आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. याच हातांनी तिची मुलगी मारली होती. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ म्हणून घोषित केलं गेलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. त्या सोहळ्याला समुंदरही हजर होता.

ही गोष्ट सांगताना आपण एक भाग गाळतो. इथे पोलीस, कोर्ट, शिक्षा सगळं झालं होतं. ओडिशातल्या ग्लॅडिस स्टेन्स यांचंही तसंच. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावात त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप, टिमोथी ही दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जमावाने त्यांना जाळलं. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं जाहीर सांगितलं आणि त्या पुढची काही वर्षं बारीपाड्यातच कुष्ठरुग्णांसाठी काम करत राहिल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण खटला चाललाच. मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली. माफी त्यांची होती, न्यायाचं काम कोर्टाचं होतं. दोन्ही एकाच वेळी चालू शकलं.

हे मुद्दाम लिहितेय, कारण ‘माफ कर ना’ हे वाक्य बऱ्याचदा चुकीच्या माणसाच्या तोंडून येतं. त्रास देणारा नातेवाईक, हात उचलणारा बॉयफ्रेंड, त्यांची बाजू घेणारे घरचे. ‘ख्रिश्चन असून मनात एवढं धरून ठेवतेस?’ असंही ऐकवतात. गप्प बसवण्याला क्षमा म्हणत नाहीत. मनातला सूड सोडूनही तक्रार करता येते आणि ब्लॉक ब्लॉकच ठेवता येतो. आणि सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या त्या हत्येनंतर सात वर्षांनी, हेही विसरू नका. आठवड्याभरात ‘मूव्ह ऑन’ व्हायची सक्ती कुणावरच नाही.

मग रोजच्या रोज काय करायचं? इथे कृतज्ञता येते. मिस्साला ‘युखारिस्ट’ म्हणतात, तो ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थच उपकारस्तुती. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाकडे मागे वळून बघायची एक पद्धत सांगितली, ‘एक्झामेन’. सेंट झेवियर्स कॉलेज ज्यांनी काढलं, त्या जेझुइटांची ही रोजची सवय. पंधरा मिनिटं पुरतात, हॉस्टेलच्या खाटेवर बसूनही जमतं. यातला क्रम महत्त्वाचा. सुरुवात आभारापासून: आज काय मिळालं? कॅन्टीनवाल्याने सुट्टे नसताना दिलेला चहासुद्धा चालेल. मग प्रकाश मागायचा, मग दिवस पुन्हा डोळ्यांपुढून न्यायचा, मग जिथे आपण वाकडे वागलो तिथे क्षमा. रागाची उजळणी आपण रोज करतोच, फक्त पहिली पायरी गाळून करतो.

पाचवी पायरी उद्याची. उद्या लेक्चरला, लोकलमध्ये, घरी कोण भेटणार आहे, आणि त्यांच्यापैकी कुणाकडे बघून आपण पान शोधायला लागणार आहोत.