नानांचा पाय

आमच्या घराण्यात एक वाक्प्रचार साठ वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. मुलगा आज पेटी शिकू लागला आणि उद्या तबल्याकडे वळला, किंवा सुनेने स्वेटर अर्धा विणून टाकून दिला, की वडील मंडळी म्हणत, ‘हा नानांचा पाय!’ नाना म्हणजे आमचे वडील. गेल्या आषाढापर्यंत मीही हा शब्द बिनदिक्कत वापरीत होतो. आज तो मागे घेण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

गोष्ट १९६१ च्या पावसाळ्यातली. धुळ्याहून आत्या आणि तिची मुलगी मालूताई यांना घेऊन आम्ही इंदूरला परत येत होतो. मी दहा वर्षांचा. आग्रा-मुंबई रस्त्याने येताना आधी सातपुड्यातला बिजासनचा घाट चढावा लागतो आणि नर्मदा ओलांडून निमाड संपला की माळव्यावर येण्यासाठी मानपूरचा. दोन्ही चढांवर पाऊस असा कोसळत होता की पुढचा रस्ता दिसेना. नाना गाडी अशी चालवीत होते की जरा वेग आला की धक्का बसून ती मंदावे, पुन्हा उचल खाई, पुन्हा मंदावे. मालूताईला तीनदा ओकारी झाली. शेवटी आत्याचा धीर सुटला. ‘नान्या, अरे पाय एका जागी ठेव की! की आम्हांला दरीतच टाकायचा विचार आहे?’ नाना काही बोलले नाहीत. त्यानंतर घाटाचा प्रवास निघाला की ते भाड्याचा ड्रायव्हर बोलावीत आणि स्वतः शेजारी मुकाट बसत. शब्द मात्र घरात राहून गेला.

गाडी होती १९४७ सालची शेव्हरोलेट. इंदूरच्या वाचकांना मोटारींचे कौतुक नवे नाही. यशवंतराव महाराज होळकरांसाठी बांधलेली ड्यूसेनबर्ग जगभरच्या मोटारवेड्यांना ठाऊक आहे. आमची आपली सरदाराघरची नव्हे, वकिलाघरची. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता आणि १९५४ साली तो बंद झाला. आमची गाडी तेथलीच, असे नाना सांगत. त्यांच्या पश्चात ती मागच्या पत्र्याखाली पडून होती. पुतण्या म्हणाला, ‘काका, एक तर विकून टाकू, नाही तर विजेचे वायपर आणि नवा गिअर घालून लग्नाच्या वरातींना देऊ.’ मी त्याच्याकडे एक पावसाळा मागून घेतला.

छावणीतले एक वृद्ध मिस्त्री आले. इंजिन चालू झाले खरे, पण फुसफुसत, थरथरत आणि मधूनच कार्ब्युरेटरमधून फटाका वाजवीत. मिस्त्रींनी कान लावला आणि म्हणाले, ‘ही दुसऱ्याच नाकानं श्वास घेतेय.’

त्याचा अर्थ मला पुढच्या महिन्याभरात कळला. इंजिन हा एक उलटा भाता आहे. दट्ट्या खाली जाताना हवा ओढतो; पण कार्ब्युरेटरमधली झडप जवळजवळ मिटलेली असली तर हवा पुरेशी येत नाही आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा-पेट्रोलच्या वाटेवर, पोकळी तयार होते. ही फुकटची ओढ त्या काळच्या कारागिरांनी कामाला जुंपली. आमच्या गाडीत तिचे तीन चाकर होते. पहिला डिस्ट्रिब्यूटरचा पडदा. हलक्या चालीत ठिणगी थोडी आधी पाडून तो पेट्रोल वाचवतो. दुसरा काचेवरचा वायपर. तिसरा या गाडीचा खास मानकरी: गिअर बदलताना हाताला मदत करणारे सिलिंडर. गिअर बदलण्याचे ऐंशी टक्के बळ पोकळी पुरवते, अशी कंपनीची त्या काळी जाहिरात असे.

आमच्याकडे हे तिन्ही चाकर बेकार झाले होते. मधल्या काळात कोणा अज्ञात हाताने वायपरची रबरी नळी डिस्ट्रिब्यूटरला जोडली होती, कार्ब्युरेटरवरचे तिचे खरे तोंड उघडेच टाकले होते आणि गिअरची नळी कापून, टोक हातोड्याने चेपून ठेवले होते. चेपलेल्या टोकातून बारीक हवा आत जाई. अशी चोरटी हवा शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडते. इंजिन थरथरते, तापते आणि खोकते.

नळ्या इंजिनामागे, फळीखाली अशा शिरल्या होत्या की कोणती कोठे निघते हे डोळ्यांना कळेना. मी हौसेने उदबत्ती आणली. धूर जेथे ओढला जाईल तेथे गळती. मिस्त्रींनी ती हातातून काढून घेऊन विझवली. ‘पेट्रोलजवळ पूजा नको.’ मग त्यांची रीत सुरू झाली. इंजिन बंद ठेवून मी एका टोकाने फुंकायचे आणि नातीने दुसरे टोक पाण्याच्या तांब्यात बुडवून धरायचे. बुडबुडे आले की ती ओरडे, ‘आले आजोबा!’ मग त्या नळीला दोन्ही टोकांना एकाच रंगाचा दोरा बांधायचा. डिस्ट्रिब्यूटरला लाल, वायपरला पिवळा, गिअरला हिरवा. एका दुपारी नकाशा तयार झाला.

दुसरे शहाणपण असे, की आधी काहीच जोडायचे नाही. मॅनिफोल्डची सगळी तोंडे घट्ट बंद करून पोकळी मोजण्याचे घड्याळ लावायचे. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन सावकाश चालताना पाऱ्याचे १८ ते २१ इंच दाखवते. पण इंदूर सुमारे १,८०० फूट उंच आहे आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करावा लागतो. हे ठाऊक नसल्याने मी काटा १८ वर स्थिर पाहून खट्टू झालो होतो. मिस्त्री म्हणाले, ‘माळव्यात हेच पूर्ण गुण.’ याच इंजिनावर सुरुवातीला काटा १२ वर लटपटत होता.

मग एकेक चाकर कामावर घेतला. डिस्ट्रिब्यूटरची नळी तोंडाने ओढून पाहिली. जिभेचे टोक नळीला चिकटून राहिले, म्हणजे आतला पडदा शाबूत. ती मॅनिफोल्डवरून काढून कार्ब्युरेटरवरच्या हक्काच्या तोंडाला लावली. ते तोंड झडपेच्या किंचित वर असते, म्हणून पाय उचललेला असताना तेथे ओढ नसते. गिअरच्या नळीसाठी मी साधी रबरी नळी आणली, ती पहिल्याच ओढीला चपटी झाली. हवा भरण्याची नळी वेगळी आणि ओढण्याची वेगळी. नंतरची जाड भिंतीचीच हवी. ती मिळाली आणि ज्या दांडीला दोन हात लागत, ती दोन बोटांनी हलू लागली. वायपरच्या डबीतले ग्रीस दगड झाले होते आणि आतल्या पात्याची कातडी कड वाळली होती. ती दोन दिवस तेलात भिजवली. नळी जोडताच पाते काचेवर सुळकन फिरले. प्रत्येक जोडणीनंतर काटा पाहिला. तो १८ वरून हलला नाही.

आषाढात पुतण्याला शेजारी बसवून मी महेश्वरला गेलो. अहिल्याबाईंच्या घाटावर नर्मदेचे दर्शन घेऊन परतताना जाम घाटाचा चढ लागला आणि आभाळ फुटले. मी चढासाठी पाय दाबला. वायपर मंदावला आणि काचेच्या मध्यावर उभाच राहिला. समोर नुसते पाणी. घाबरून पाय उचलला. गाडी अडखळली, पण वायपर झपकन फिरला, रस्ता दिसला. पुन्हा पाय दाबला, पुन्हा काच आंधळी. पुन्हा उचलला.

चढावर पाय दाबला की झडप उघडते. हवा धावत आत येते, पोकळी भरून जाते आणि तिच्यावर जगणारा वायपर उपाशी राहतो. काही गाड्यांत यावर उपाय म्हणून पेट्रोलपंपालाच पोकळीचा जादा पडदा जोडलेला असे. आमच्या गाडीत तो नव्हता. ज्याला रस्ता पाहायचा, त्याने पाय उचलायचा. दुसरी तोड नव्हती.

तिसऱ्या-चौथ्या धक्क्याला मी गाडी कडेला घेतली. पुतण्याने विचारले, ‘काका, बिघडलं का काही?’ मी म्हटले, ‘नाही रे. सगळं बरोबर जोडलंय.’ पण हात थरथरत होते. बिजासनच्या त्या चढावर पाच माणसे मागेपुढे बसलेली, एका बाजूला दरी, आणि नाना दर दोन क्षणांनी काच पुसून घेत होते. आत्याला त्यांनी हे का सांगितले नाही? कदाचित काच आंधळी होते हे कळले असते तर ती अधिक घाबरली असती. धांदरट ठरणे त्यांनी पत्करले.

घरी येऊन ग्वाल्हेरला मालूताईला फोन केला. तिचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. सगळे ऐकून घेतल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे मी तीनदा ओकले, ते काच पुसण्यासाठी होय!’ आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. ‘आईला कळायला हवं होतं रे.’

पुतण्याने विजेच्या वायपरची गोष्ट पुन्हा काढलेली नाही. घरात तो शब्द अजून चालतो, बंद करणे कोणाला जमत नाही. फक्त हल्ली, एखादा माणूस आपला दोष नसताना मुकाट्याने बोलणी खातो आणि काम पार पाडतो, तेव्हा आम्ही म्हणतो, हा नानांचा पाय.