हिम पाडणारी तोफ आणि कन्हानचा कूलर

पावसाळा लागला की कूलर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात एक तक्रार हमखास येते. "भाऊ, मे महिन्यात याच कूलरने पहाटे पांघरूण घ्यावे लागत होते. आता पंप चालतो, ताट्या नव्या आहेत, तरी हवा थंड का येत नाही?" कारागीर मोटर पाहतो, पंप पाहतो, नळ्या साफ करतो. दोष काही सापडत नाही. कारण दोष कूलरमध्ये नसतोच, तो हवेत असतो.

नेमकी हीच अडचण, याच कारणाने, दुसऱ्या एका धंद्यातील लोकांना दरवर्षी डिसेंबरात येते. त्यांचा धंदा म्हणजे डोंगरउतारावर हिम असताना तेथे स्कीइंगसाठी, म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून घसरण्याच्या खेळासाठी, येणाऱ्या पर्यटकांना सोयी पुरविणे. निसर्गाने वेळेवर हिम दिले नाही तर हे लोक यंत्राने हिम पाडतात. हे यंत्र आणि आपल्या कन्हान-कामठीच्या पत्र्याच्या दुकानात तयार होणारा कूलर ही एकाच नियमावर चालणारी भावंडे आहेत. म्हणूनच त्या दूरच्या धंद्याची गणिते आपल्या हंगामी व्यापाऱ्यांनी समजून घेण्यासारखी आहेत.

लादीच्या बर्फापासून सुरुवात

मराठीत आपण कारखान्यातील लादीलाही बर्फ म्हणतो आणि आकाशातून पडणाऱ्या भुरभुरीलाही बर्फच म्हणतो. या लेखात सोयीसाठी पहिल्याला बर्फ आणि दुसऱ्याला हिम म्हणू.

१९४९-५० चा हिवाळा अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात जवळजवळ हिमाविना गेला. तेथील मोहॉक माउंटन या ठिकाणच्या मालकाने शेवटी बर्फाच्या शेकडो टन लाद्या मागविल्या, त्या फोडून चुरा केला आणि उतारावर पसरला. गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून केलेली ही धडपड होती, पण हा खर्च रोज परवडणारा नव्हता.

त्याच राज्यात वेन पिअर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची हे तिघे स्की तयार करण्याचा कारखाना चालवीत होते. हिम नाही म्हणून स्कीला मागणी नाही, असा त्यांचा पेच होता. मार्च १९५० मध्ये पिअर्सने रंग फवारण्याचा कॉम्प्रेसर, एक तोटी आणि बागेला पाणी देण्याची रबरी नळी एकत्र जोडली आणि कडाक्याच्या थंडीत पाण्याचे बारीक तुषार हवेत उडविले. ते तुषार खाली येईपर्यंत गोठले. त्यांच्या या यंत्राला १९५४ साली पेटंट मिळाले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या 'स्नो गन'चा हा आरंभ होय. तो प्रयोगशाळेत नव्हे, तर धंदा बसत चाललेल्या कारागिराच्या हातून झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यंत्र नेमके काय करते?

अनेकांची समजूत अशी असते की स्नो गनमध्ये फ्रीजसारखी थंडी तयार होते. तसे नाही. बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर आणि अमोनिया वायूच्या साहाय्याने पाणी गोठविले जाते, तेथे बाहेर ४५ अंश असले तरी लादी तयार होते. मुंबईसारख्या शहरात मॉलमध्ये जे 'स्नो पार्क' असतात, तेही बंद खोलीतील अशाच थंडीवर चालतात. उघड्या डोंगरावरील स्नो गन मात्र स्वतः थंडी निर्माण करीत नाही. ती फक्त पाण्याचे अत्यंत बारीक थेंब करून ते हवेत उंच फेकते. गोठविण्याचे काम हवाच करते.

येथे कूलरचा नियम लागू होतो. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते, तर शून्य अंशाच्या एक किलो पाण्याचा बर्फ होताना सुमारे ८० किलोकॅलरी बाहेर पडते. म्हणजे एक किलो पाणी वाफ होऊन गेले, तर तेवढ्या गारव्यात सात किलो पाणी गोठू शकते. स्नो गनच्या तुषारांपैकी थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि उरलेल्याला गोठवून जाते. कूलरच्या ताटीतून झिरपणारे पाणीही असेच थोडे उडते आणि उरलेल्या हवेला गार करून जाते.

हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त आणि गारवाही जास्त. म्हणून या दोन्ही धंद्यांत नुसते तापमान पाहून भागत नाही. पाहावे लागते ते 'ओल्या फडक्याचे तापमान'. साध्या तापमापकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळून त्यावर पंख्याचा वारा सोडला की पारा खाली उतरतो आणि एका जागी थांबतो. तो थांबतो तेथपर्यंतच निसर्ग आपल्याला गारवा देणार, त्याच्या खाली नाही.

उदाहरण घेऊ. नागपूर भागात मे महिन्यात दुपारी ४३ अंश तापमान आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याचा पारा २४ अंशांच्या आसपास थांबतो. चांगल्या ताट्यांचा कूलर अशा वेळी खोलीत २८ अंशांपर्यंतची हवा फेकू शकतो. हाच कूलर जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत लावला तर ओल्या फडक्याचा पारा २९ वरच अडतो. नव्या ताट्या लावल्या काय किंवा मोठी मोटर बसविली काय, तीन अंशांपलीकडे हाती काही येत नाही.

डोंगरावरही हिशेब हाच. ओल्या फडक्याचे तापमान शून्याखाली दोन अंशांपर्यंत उतरल्याशिवाय स्नो गन चालविण्यात अर्थ नसतो. तेवढ्यावर जे हिम मिळते ते ओले आणि थोडे. पारा आणखी पाच-सहा अंशांनी उतरला तर त्याच यंत्रातून कितीतरी पट आणि कोरडे हिम मिळते. गंमत अशी की हवा २ अंशांवर, म्हणजे गोठणबिंदूच्या वर असली, पण आर्द्रता ३० टक्केच असली, तर ओले फडके शून्याखाली अडीच-तीन अंश दाखविते आणि हिम पडू शकते. उलट हवा शून्याखाली एक अंश असून धुके दाटले असेल, तर यंत्र बंदच ठेवावे लागते.

हंगामाच्या सुरुवातीची घाई

मग हिम पडण्याची वाट न पाहता एवढा खटाटोप कशासाठी? कारण हंगामाची सुरुवात हातची गेली की वर्ष गेले. नाताळ आणि नववर्षाच्या सुट्ट्यांत युरोप-अमेरिकेतील पर्यटक डोंगरावर येतो. त्या आठवड्यात उतार उघडा नसेल तर खोल्या रिकाम्या राहतात आणि आगाऊ रकमा परत कराव्या लागतात. स्वित्झर्लंडमधील अभ्यासकांनी यासाठी एक ठोकताळा मांडला आहे: १ डिसेंबर ते १५ एप्रिल या काळात किमान १०० दिवस ३० सेंटिमीटर हिम, आणि तेही दहापैकी सात हिवाळ्यांत मिळाले, तरच त्या जागेचा धंदा भरवशाचा.

म्हणून नोव्हेंबरातील थंड, कोरड्या रात्री हेरून यंत्रे चालविली जातात. सगळा डोंगर झाकणे परवडत नाही, सबब आधी एक-दोन मुख्य वाटाच घेतात. हिमाचे मोठे ढीग पाडतात, त्यातील पाणी निथळू देतात आणि मग साखळीच्या चाकांचे ट्रॅक्टर ते पसरवून दाबतात. यंत्राच्या हिमाचे कण गोल आणि घट्ट असतात. ताजे नैसर्गिक हिम कापसासारखे हलके, तर हे त्याच्या चार-पाच पट जड. त्यामुळे ते लवकर वितळत नाही आणि पुढे पडणाऱ्या नैसर्गिक हिमाला चांगली बैठक मिळते. पण ते टणकही होते, आणि त्यावर पडणाऱ्याला ते चांगलेच लागते.

अशा वेळी डोंगराचे चित्र असे दिसते: सगळा उतार तपकिरी, त्यातून एक-दोन पांढऱ्या पट्ट्या आणि सगळी गर्दी त्याच पट्ट्यांवर. पट्टीच्या कडेला हिम एकदम संपते आणि गवत किंवा खडक सुरू होतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक जाण्यापूर्वी दोन गोष्टी विचारतो: तळाचा थर किती सेंटिमीटर आहे, आणि एकूण वाटांपैकी किती उघड्या आहेत? 'हिम पडले आहे' एवढ्या उत्तरावर तो पैसे भरीत नाही.

खर्चाची बाजू

अडीच एकर, म्हणजे एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटर यंत्राचे हिम पसरायचे तर सुमारे १२ ते १५ लाख लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचे सव्वाशे ते दीडशे टँकर! त्यासाठी डोंगरावर तळी खोदावी लागतात आणि पाणी उपसून वर चढवावे लागते. पंख्याच्या एका मोठ्या स्नो गनला साधारण २० ते २५ किलोवॅट वीज लागते. शंभर घरगुती कूलर एकदम चालविण्याइतकी ही वीज झाली, आणि अशी यंत्रे एका डोंगरावर डझनांनी असतात. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीच्या स्पर्धा जवळजवळ पूर्णपणे यंत्राच्या हिमावर झाल्या. तेथे थंडी होती, हवा कोरडी होती आणि सरकारची थैली मोकळी होती. सर्वसाधारण व्यावसायिकाला हे तिन्ही एकदम मिळत नाही.

गुलमर्ग आणि औली

आपल्या देशात या धंद्याचे मोठे नाव म्हणजे काश्मीरमधील गुलमर्ग. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील या ठिकाणी १९९८ साली गोंडोला म्हणजे दोरमार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. २००५ साली दुसरा टप्पा अफरवटच्या उतारापर्यंत, सुमारे ३,९०० मीटरच्या वर पोहोचला. घोडेवाले, गाइड, स्की भाड्याने देणारे, हॉटेलचालक, शाल आणि सुकामेवा विकणारे अशा असंख्य कुटुंबांचा हिवाळा या हिमावर अवलंबून असतो. २०२४ चा जानेवारी जवळजवळ सगळा कोरडा गेला. ऐन 'चिल्लई कलान'मध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या कडाक्याच्या चाळीस दिवसांत, उतार उघडे पडले होते. हिम आले ते महिन्याच्या अखेरीस. २०२५ साली खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा हिमाअभावी फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला.

उत्तराखंडमधील औलीचा अनुभव अधिक बोलका आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने तेथे हिम पाडणारी यंत्रे बसविण्यात आली आणि पाण्यासाठी कृत्रिम तळेही करण्यात आले. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे होणारी राष्ट्रीय स्पर्धा हिमाअभावी रद्द झाली. यंत्र विकत घेता येते, ओल्या फडक्याचा पारा विकत घेता येत नाही.

आपल्या भागातून कुटुंबासह गुलमर्गला जाणाऱ्यांनी यातून एक व्यवहार ध्यानात घ्यावा. केवळ हिम पाहायचे असेल तर गोष्ट वेगळी, पण मुलांना स्की शिकवायची असेल तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचे आगाऊ पैसे भरू नयेत. सुरुवातीच्या पातळ थराखाली दगड आणि झाडांचे बुंधे लपलेले असतात. जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारी त्या मानाने बरा, आणि तेव्हाही निघण्यापूर्वी वरील दोन प्रश्न विचारावेत.

आपल्यासाठी धडा

कन्हान नदीचे पाणी नळाने नागपुरात जाते आणि उन्हाळ्यात त्यातले बरेच कूलरच्या टाक्यांत पडते. त्या कूलरचा पत्रा कापणाऱ्या, ताट्या भरणाऱ्या आणि मोटर गुंडाळणाऱ्या कारागिरांचा हंगाम मार्च ते जूनचा मध्य, एवढाच. त्यातही एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला की आठवडाभर गिऱ्हाईक फिरकत नाही. २०२० साली तर २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि ऐन विक्रीच्या दिवसांत दुकाने बंद राहिली. माल पडून, पैसा अडकून आणि पत्र्याची उधारी डोक्यावर, अशी स्थिती ज्यांनी भोगली त्यांना गुलमर्गच्या घोडेवाल्याचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

डोंगरावरील व्यावसायिकांकडून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, ते सगळा डोंगर एकदम झाकीत नाहीत. आपणही जानेवारीत सगळे भांडवल पत्र्यात घालू नये. सर्वाधिक खपणारे एक-दोन आकार आधी तयार ठेवावेत आणि पुढचा माल मार्चची हवा पाहून घ्यावा. दुसरी, ते पाऱ्यावर नजर ठेवतात. दुकानात दोन तापमापक टांगून त्यातील एकाला ओले फडके गुंडाळावे. खर्च किरकोळ, पण ग्राहकाला समोरासमोर दाखविता येते की आज कूलर किती गारवा देईल आणि जुलैत का देणार नाही. खोटे आश्वासन द्यावे लागत नाही आणि तक्रारीचा माल परत येत नाही. तिसरी, ते एकाच हंगामावर बसून राहत नाहीत. गुलमर्गचा गोंडोला उन्हाळ्यातही पर्यटकांना नेतो. आपल्याकडेही तोच पत्रा, तीच कातर आणि तेच हात पावसाळ्यानंतर कपाटे, पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवू शकतात. जी दुकाने हे करतात ती एका वाईट उन्हाळ्याने बंद पडत नाहीत.

हवा कोणाच्या मालकीची नाही. ती केव्हा आणि किती देते याचा हिशेब ठेवणे मात्र व्यापाऱ्याच्या हाती आहे. तो हिशेब जानेवारीतच मांडावा, कारण मे महिन्यात मांडलेला हिशेब फक्त तोटा किती झाला एवढेच सांगतो.