पहिला एनडी फिल्टर कोणता घ्यावा?

आज कॅमेऱ्याच्या गॉगलबद्दल बोलूया. एनडी फिल्टर म्हणजे लेन्सपुढे लावायची करडी काच. रंग न बदलता ती फक्त प्रकाश कमी करते, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. मग समुद्राच्या लाटा दुधासारख्या मऊ दिसतात आणि कुवेत टॉवर्स मात्र ठाम उभे राहतात.

आपल्या इथल्या उन्हात याची गरज लगेच कळते. भर दुपारी आयएसओ १०० आणि एफ ११ ठेवलं, तर शटर साधारण १/२५० सेकंद येतं. एवढ्यात पाणी गोठल्यासारखंच दिसणार.

फिल्टरवरचा आकडा सांगतो, प्रकाश किती पट कमी होईल. एनडी ८ म्हणजे तीन स्टॉप, ६४ म्हणजे सहा, १००० म्हणजे जवळपास दहा. वरच्या उदाहरणात एनडी ८ लावून १/३० सेकंद मिळेल, म्हणजे फारसा फरक नाही. एनडी ६४ ने पाव सेकंद, एनडी १००० ने चार सेकंद.

एकच घ्यायचा असेल तर एनडी ६४ घ्या. सूर्य कलल्यावर अरेबियन गल्फ स्ट्रीटच्या किनाऱ्यावर त्याच काचेतून दोन-चार सेकंद सहज मिळतात. पावसाळ्यात सुट्टीवर गेलात, तर आंबोलीच्या धबधब्यालाही तोच पुरतो.

आता पैसे वाचवायचं गणित. लेन्सच्या पुढच्या बाजूला Ø चिन्हाजवळ व्यास लिहिलेला असतो. घरातल्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच फिल्टर घ्या, लहान लेन्ससाठी स्वस्त स्टेप-अप रिंग पुरतात. चार-पाच फिल्टरांच्या स्वस्त संचाला भुलू नका. हलक्या काचेने फोटोवर रंगाची झाक येते. फिरवून गडद करायचा व्हेरिएबल फिल्टर व्हिडिओला सोयीचा, पण वाइड लेन्सवर फार गडद केला की फोटोत काळी फुली उमटते. उरलेले दिनार ट्रायपॉडवर खर्च करा. तो नसेल तर महागडा फिल्टरही वाया.

वापरताना आधी फोकस करा, ऑटोफोकस बंद करा, मग फिल्टर लावा. तोझ, म्हणजे धुळीचं वादळ, येऊन गेल्यावर काच कापडाने पुसू नका. आधी ब्लोअरने वाळू उडवा, नाहीतर ओरखडे पडतील. उन्हाळ्यात एसीतून थेट दमट किनाऱ्यावर गेलात तर काचेवर वाफ धरते. कॅमेरा थोडा वेळ बॅगेतच राहू द्या.

आणि एक इशारा. एनडी फिल्टर लावून व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे कधीही पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका. तो प्रकाश कमी करतो, पण डोळ्यांना सुरक्षित करत नाही. तसंच लष्करी, सरकारी आणि तेलाच्या ठिकाणांकडे कॅमेरा वळवू नका.

तर येत्या शुक्रवारी संध्याकाळी किनाऱ्यावर जा, आधी बिनफिल्टरचा आणि मग फिल्टरचा फोटो काढून पाहा. भेटूया पुढच्या भागात.