यंदा कुणाच्या बोटीवर?

जुलै सरत आला की रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मासळीपेक्षा माणसांची चौकशी जास्त होते. "तुझे आले का?" असं एका बोटमालकाने दुसऱ्याला विचारलं, की कोण, ते सांगावं लागत नाही. गणपतीला येणारे चाकरमानी नव्हेत, पाहुणे नव्हेत; विचारणा असते ती खलाशांची. मे अखेरीस शाकारून ठेवलेल्या नौकांवरच्या ताडपत्र्या निघालेल्या असतात. इंजिनाचं काम उरकलेलं असतं, जाळ्यांची डागडुजी झालेली असते, रंगाचा वास अजून गेलेला नसतो. बर्फ आणि डिझेलची तजवीज झालेली असते. 1 जूनला सुरू झालेली पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैला संपते. तरीही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रांत ठरलेली बातमी येतेच: खलाशी न आल्याने नौका बंदरातच.

रत्नागिरी जिल्ह्याला 167 किलोमीटरचा किनारा आहे. त्यावर दालदी, खारवी, भंडारी, गाबीत, कोळी अशा समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी केली. आज नौकेचा मालक इथला असतो, नौका चालवणारा तांडेलही बहुधा इथलाच. जाळं ओढणारे हात मात्र मोठ्या प्रमाणावर नेपाळचे, आणि काही कर्नाटक, झारखंड, ओडिशाकडचे. ट्रॉलरला सात-आठ माणसं पुरतात. वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, म्हणजे पर्ससीनच्या नौकेला पंचवीस-तीस लागतात. तेवढी माणसं एका दमात जमली नाहीत, तर लाखोंची नौका धक्क्याला दोर बांधून उभी राहते.

हा खलाशी कुणाचा बांधील नसतो. भारत आणि नेपाळ यांच्यातल्या 31 जुलै 1950 च्या करारामुळे त्याला इथे येऊन काम करायला परवाना काढावा लागत नाही. हंगाम संपला की त्याचा आणि मालकाचा संबंध कागदोपत्री उरत नाही, कारण मुळात कागद फारसा नसतोच. पुढच्या वर्षी मिरकरवाड्याला यायचं, जयगडला, हर्णैला, गोव्यातल्या मालीमला की कर्नाटकातल्या मालप्याला, हे तो ठरवतो. ज्यांच्याकडे तो परत येत नाही, ते मालक "कुणीतरी जास्त पैसे दिले असतील" म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा उत्तर तेवढं सोपं नसतं.

याच कोड्यात अमेरिकेतले बास्केटबॉल संघही वर्षानुवर्षं अडकलेले आहेत. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, एनबीएत, करार संपलेल्या खेळाडूला 'फ्री एजंट' म्हणतात. पूर्ण मोकळीक मिळून संघ बदलणारा पहिला खेळाडू टॉम चेंबर्स. 1988 मध्ये तो सिअ‍ॅटल सोडून फिनिक्सला गेला. 1999 पासून एका खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा आली. त्यामुळे सर्वांत मोठ्या खेळाडूंना अनेक संघ जवळपास सारखीच रक्कम देऊ शकतात. उलट जुन्या संघाला थोडी जास्त देता येते. तरीही 2010 मध्ये लेब्रॉन जेम्सने आपल्या ओहायो राज्यातलं क्लीव्हलँड सोडून मायामी गाठलं, 2016 मध्ये केव्हिन ड्युरंटने ओक्लाहोमा सिटी सोडलं. टोरांटोने 2019 मध्ये विजेतेपद मिळवलं आणि काही आठवड्यांतच त्या यशाचा शिल्पकार कवाय लेनर्ड आपल्या घरच्या मुलखाला, लॉस एंजेलिसला निघून गेला. फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, कॅलिफोर्नियात तो देशात सर्वांत चढा आहे, तरी खेळाडू लॉस एंजेलिसला जातातच. थंडी, घरापासूनचं अंतर, सोबतचे खेळाडू, संघ चालवणाऱ्यांचा स्वभाव या गोष्टी कराच्याही वर चढतात. रक्कम सगळीकडे सारखी झाली की निवड बाकीच्या गोष्टींवर होते.

मिरकरवाड्यातही तेच आहे. मालक एकमेकांना ओळखतात, यंदाचा दर काय चाललाय हे सगळ्यांना ठाऊक असतं. दोन नौकांच्या पगारात थोडाफार फरक पडतो, पण माणूस बंदर बदलेल इतका क्वचितच.

खलाशी पहिलं काय बघत असेल तर हिशेब. बोलीच्या वेळी उचल दिली जाते. ती हंगामभर पगारातून वळती होते, आठवड्याला खर्ची मिळते आणि उरलेली रक्कम मे महिन्यात हातात पडते. म्हणजे दहा महिन्यांच्या कष्टांचा मोठा भाग मालकाच्या वहीत साठत असतो. ती वही एकाच्याच हातात असली की वाद ठरलेला. दवाखान्याचे पैसे कापले का, वादळात नौका उभी राहिली त्या दिवसांचं काय, मध्ये गावी पाठवलेले पैसे कुठे मांडले, असे प्रश्न शेवटच्या दिवशी निघतात आणि तेव्हा गाडीची वेळ झालेली असते. ज्या मालकाकडे हा खटका उडतो, त्याचं नाव सीमेपलीकडच्या गावात त्याच्या आधी पोचतं. एका गावातली दहा-बारा माणसं एकत्र येतात. न येतानाही ती एकत्रच येत नाहीत.

दुसरी गोष्ट कामाची मुदत. राज्य सरकारच्या 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने महाराष्ट्राच्या जलधिक्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, पर्ससीन मासेमारीला 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढीच मुभा दिली. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावर तो आधारलेला होता आणि बांगडा-तारलीचे थवेच्या थवे एका वेढ्यात उचलणाऱ्या जाळ्यांमुळे पारंपरिक मच्छीमाराच्या वाट्याला काही उरत नाही, ही तक्रार खरीच होती. पण खलाशाच्या बाजूने पाहिलं तर आकडेमोड वेगळी दिसते. हजारो रुपये खर्चून, रुपईडिहा किंवा बनबसाच्या सीमानाक्यावरून, उत्तर प्रदेशातल्या गाड्या बदलत आणि पुढे कोकण रेल्वेने तो इथे येतो. चार महिन्यांच्या कामासाठी एवढा प्रवास करायचा, की ट्रॉलरवर, नाहीतर पर्ससीनला एवढी आखडती मुदत नसलेल्या गोवा-कर्नाटकात मे अखेरपर्यंत टिकणारं काम धरायचं? डिसेंबरनंतर मोकळे झालेले काही जण हापूसच्या बागांकडे वळतात, कारण जानेवारीपासून तिथे फवारणी, राखण आणि पुढे तोडणीसाठी माणूस लागतो. तिथे रात्री जमिनीवर झोपता येतं, हे काहींना कमी वाटत नाही.

बंदर कसं आहे, हेही पाहिलं जातं. दापोलीजवळचं हर्णै मासळीच्या लिलावासाठी प्रसिद्ध. पर्यटक तो बघायला मुद्दाम जातात. पण तिथे नौका समुद्रात नांगरून मासळी लहान होड्यांनी किनाऱ्यावर आणण्याची रीत आहे. पर्यटकाच्या फोटोत रंगीत दिसणारी ही ने-आण खलाशाच्या खांद्यावरचं जास्तीचं काम असते. वारा फिरला की तिथल्या नौकांना आंजर्ल्याच्या खाडीकडे नाहीतर जयगडकडे आसऱ्याला पळावं लागतं. रत्नागिरी शहरातल्या राजीवड्याच्या नौकांची अडचण निराळी. भाट्ये खाडीच्या मुखाशी वाळूची भर पडल्याने भरतीची वेळ साधूनच आत-बाहेर करावं लागतं. या मुखात नौका उलटण्याचे प्रसंग घडलेले आहेत. मासळीने भरलेली नौका घेऊन ओहोटीत बाहेर ताटकळलेल्या तांडेलाला विचारलं, तर तो समुद्राला नव्हे, या गाळाला जास्त भितो.

काही किनारे नुसत्या नावानेच टाळले जातात. 6 नोव्हेंबर 2021 रोजी गुजरातच्या ओख्याजवळ 'जलपरी' या नौकेवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला. त्यात मारला गेलेला खलाशी पालघर तालुक्यातल्या वडराईचा होता. पालघर-डहाणू पट्ट्यातले अनेक जण पोरबंदर-ओख्याच्या नौकांवर जातात. सागरी सीमेजवळ पकडले गेले तर सुटकेला वर्षं लागतात. 2008 च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात. भारताला मिळणाऱ्या यादीत मच्छीमारच सर्वांत जास्त असतात. आंध्रातल्या श्रीकाकुळमच्या अशाच खलाशांच्या कैदेवर 2025 मध्ये 'तांडेल' हा तेलुगू चित्रपट आला. रत्नागिरीच्या बाजूने हा एक मोठा गुण आहे, फक्त त्याचा उच्चार कुणी करत नाही. इथून निघालेली नौका चुकून पाकिस्तानच्या हद्दीत जाण्याची भीती नाही.

दक्षिणेकडचं उदाहरण अधिक बोचणारं आहे, कारण ते टाळता येण्यासारखं होतं. 2024 च्या सप्टेंबरात दक्षिण गोव्यातल्या कुटबण जेटीवर खलाशांमध्ये कॉलराची साथ पसरली आणि काही जणांचा मृत्यू झाला. नौकांवर दाटीवाटीने राहणारी माणसं, पिण्याच्या पाण्याची आणि शौचालयांची अपुरी सोय, ही कारणं तेव्हा समोर आली. कुटबण हे गोव्यातलं मोठ्या उलाढालीचं बंदर. तिथे मासळीला भाव होता, माणसांना काम होतं, स्वच्छ पाणी नव्हतं. कोकणातल्या बंदरांना या बाबतीत बोट दाखवायला जागा नाही. खलाशी इथेही नौकेवरच राहतो, तिथेच भंडाऱ्याने, म्हणजे नौकेवरच्या स्वयंपाक्याने, रांधलेलं जेवतो, धक्क्यावरच्या नळाला पाणी कधी येतं त्यावर आंघोळ ठरवतो.

यानंतर तांडेल. मासा कुठे आहे हे ओळखणारा, आणि ढग पाहून जाळं कधी गुंडाळायचं हे सांगणारा माणूस. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळाने रत्नागिरीच्या मच्छीमारांचे बळी घेतले. 2019 च्या ऑक्टोबरात क्यार वादळाने ऐन हंगामात नौका बंदरांत कोंडून ठेवल्या. अशा अनुभवांनंतर खलाशी मालकाच्या आधी तांडेलाची माहिती काढतो. तांडेलाने नौका बदलली, तर त्याच्यामागून अर्धी माणसं जातात.

शेवटी पंचांग. बंदीचे दोन महिने नेपाळी खलाशाला बरोबर सोयीचे पडतात. तिकडे असार महिन्यात भाताची लावणी असते; 15 असारला, म्हणजे जूनच्या अखेरीस, तो दिवस साजराही होतो. लावणी उरकून तो निघतो, म्हणून 1 ऑगस्टला पोचेलच असं नाही. इथला मुरलेला मच्छीमारही खवळलेल्या दर्यात उतरण्यापूर्वी नारळी पौर्णिमेची वाट बघतो, त्यामुळे सुरुवातीचा उशीर खपून जातो. खरी ओढाताण दसऱ्याला होते. नेपाळात दशैं हा वर्षाचा सर्वांत मोठा सण, आणि त्याच वेळी इथे पर्ससीनचा हंगाम भरात. पाळीपाळीने सुट्टी देणाऱ्या मालकाची माणसं टिकतात. "सण पुढच्या वर्षी कर" म्हणणाऱ्याची नौका दिवाळीपर्यंत अर्धी रिकामी होते.

खलाशी पळवण्यावरून दर वर्षी तंटे होतात. एकाची उचल घेऊन दुसऱ्याच्या नौकेवर चढलेला माणूस हा मच्छीमार सोसायटीच्या बैठकीतला कायमचा विषय. एनबीएत करारात असलेल्या खेळाडूशी परस्पर बोलणी केली तर दंड होतो; पॉल जॉर्जच्या प्रकरणी 2017 मध्ये लेकर्स संघाला 5 लाख डॉलर भरावे लागले. तिथे दंड संघाला झाला, खेळाडूला नव्हे. आपल्याकडे राग निघतो तो खलाशावर, त्याला फोडणाऱ्या मालकाला फारसं कुणी जाब विचारत नाही. बास्केटबॉलपटूंच्या मोकळिकीचा पाया घालणारी ऑस्कर रॉबर्टसन यांच्या खटल्यातली तडजोड 1976 ची. त्याच वर्षी आपल्या संसदेने वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा केला. घेतलेल्या उचलीच्या बदल्यात माणसाची दुसरीकडे काम करण्याची मोकळीक काढून घेता येत नाही, हे त्या कायद्याच्या गाभ्यात आहे. पैसे वसूल करायला दिवाणी मार्ग आहे. माणूस नौकेवर अडकवून ठेवायला नाही.

मिरकरवाड्यात सध्या बदल होत आहेत. 2025 च्या जानेवारीत बंदराच्या जागेतली अनधिकृत बांधकामं हटवली गेली आणि नव्या सोयींचं काम पुढे सरकलं. 22 एप्रिल 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत सवलती येतील, पण त्या व्यवसाय करणाऱ्याच्या नावावर. त्याच्या नौकेवर जाळं ओढणाऱ्यासाठी धक्क्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ, पुरेशी शौचालयं, वादळाच्या दिवसांत पाठ टेकायला एक कोरडी खोली आणि ज्याच्या त्याच्या हातात पगाराची स्वतंत्र वही, एवढं मच्छीमार सोसायट्यांनी आपणहून मागून घ्यावं आणि करून दाखवावं. त्यासाठी ऑगस्ट उजाडायची वाट बघून उपयोग नाही. पुढच्या हंगामाचा निर्णय खलाशी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, हिशेब हातात पडला की घेतो.